दोघांच्या घरातली तिसरी

मला बघायला नाट्याला, माझ्या माहेरी, जी माणसं आली होती, त्यांत एक बाई होती. बाकीचे वडिलांशी बोलत होते. ही मात्र सारखी माझ्याकडे बघत होती. माझ्या तोंडावर लहानपणी येऊन गेलेल्या देवीचे वण होते आणि त्या वणांपायी याआधी दोन ठिकाणांहून नकार आला होता. म्हणून मी मान खाली घालून बसले होते. आईने त्या बाईच्या हातात गूळ आणि पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "आपण मुलाच्या कोण म्हणायच्या?"

"बायको," ती म्हणाली, आणि तांब्या वर धरून पाणी प्याली.

आई तशीच उभी राहिली. वडिलांना ठाऊक होतं, त्यांनीच आईला सांगितलं नव्हतं. मुलगा रत्नागिरीतला, सुतारकामात नावाजलेला. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नव्हतं. त्या काळी अशा घरात दुसरी आणणं ही बोलण्यासारखी गोष्टही नव्हती. नवल एवढंच होतं, की पहिली स्वतःच दुसरीला बघायला आली होती. वडील खाडीकाठी मचवे, शिडाच्या होड्या, बांधायचे. त्यांना सुताराचं घर मिळालं आणि वण चालतात असं ती माणसं म्हणाली, एवढं पुरलं. लग्न झालं.

पहिल्या दिवसापासून मी तिच्यावर डोळा ठेवला. आपल्या हाताने कोणी सवत घरात आणतं का? आणली तर त्यात काही मतलब असणारच. ती सावर्ड्याकडची, वरच्या अंगाची. तिचं बोलणं मला अर्धं कळायचं नाही आणि माझं ऐकून ती तोंडाला पदर लावून हसायची. सासूबाई तिला नावाने हाक मारत, मी बाय म्हणायचे. ती मला आधी वाढायची. भात, आमटी, असेल तर बांगड्याचा मधला तुकडा. मी पहिला घास हळूच मांजरापुढे टाकायचे. काही दिवस हे चाललं. मग एका दुपारी ती माझ्या पानाशी येऊन बसली आणि म्हणाली, "मांजर अजून जितं हाय गो. आता तू जेव."

मी जेवले. पण डोळा काढला नाही.

आमचं घर गावाच्या टोकाला, कातळाच्या खाली. चिऱ्याच्या भिंती, पुढे पडवी, आणि पडवीत ह्यांचं काम. हे म्हणजे आमचे घरधनी. बोलणं फार कमी. रागावले तरी गप्प, खूश झाले तरी गप्प. त्यामुळे त्यांच्या मनात काय आहे याचे अंदाज आम्ही दोघी आपापल्या परीने बांधायचो आणि एकमेकींना सांगायचो नाही.

माझ्या लग्नाला दोन-अडीच वर्षं झाली असतील. एका पावसाळ्यानंतर ह्यांना मिशनच्या बंगल्यावर काम लागलं. छपराचे वासे कुजले होते आणि ख्रिस्ती लोकांच्या देवळासाठी नवीन बाकं करायची होती. काम मोठं होतं, लांबलं. हे सकाळी जायचे, दिवे लागायला परत यायचे. आणि हळूहळू आमच्या ध्यानात आलं, की माणूस बदलतोय. जेवताना मध्येच थांबायचे. देवापुढे बसायचे, पण हात जोडलेले नसायचे. एकदा जेवता जेवता एकदम म्हणाले, "त्यांचा देव सुताराच्या घरी वाढला."

सासूबाई म्हणाल्या, "वाढला तर वाढला. आपणास काय त्याचं?"

त्या वर्षी शिमग्याला पालखी दारात आली, तेव्हा हे घरात नव्हते. दर वर्षी पालखीला खांदा देणारा माणूस. शेजारपाजारचे एकमेकांकडे बघायला लागले. सासूबाईंनी ओटी भरली, "कामावर अडकला" असं सांगितलं. कामावर शिमग्याची सुट्टी होती, हे साऱ्या वाडीला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायने मला पहिल्यांदा आपल्या मनातलं सांगितलं. "तिकडे एक बाई हाय. पांढरं लुगडं नेसते. कोळीण सांगत होती."

"तर?"

"तर काय? उद्या आपण दोघी ह्यांची भाकरी घेऊन जाऊ."

आम्ही गेलो. बंगल्याच्या मागच्या व्हरांड्यात हे फळीवर रंधा मारीत होते. पायऱ्यांवर ती पांढऱ्या लुगड्यातली बाई बसली होती, केस पिकायला लागलेले, डोळ्यांना चष्मा. तिच्यासमोर दवाखान्यात आलेल्या दोन-तीन बायका होत्या आणि ती त्यांना एका जाड पुस्तकातून वाचून दाखवत होती. तिने एकदाही ह्यांच्याकडे बघितलं नाही. पण ती वाचायला लागली की ह्यांचा रंधा थांबायचा. ती बायकांशी बोलायला लागली की रंधा चालू व्हायचा. आम्ही आंब्याच्या झाडाआड उभ्या राहून हे कितीतरी वेळ बघितलं. मग भाकरी दिली आणि परतलो.

वाटेत मी म्हटलं, "बाईत काही नाही वाटतं."

"नाय ना," बाय म्हणाली. "जीव पुस्तकात हाय. बाईत असता तर बरं होतं. बाईशी भांडता येतं."

पुढे ती बाईच आमच्या घरी यायला लागली. बायबलबाई म्हणत तिला सगळे. मूळची घाटावरची, लहानपणीच विधवा झालेली, मग मिशनमध्ये शिकलेली. सासूबाई तिला आत घेत नव्हत्या. ती पडवीच्या पायरीवर बसायची. तिने मला विचारलं, "वाचायला शिकशील का?" मी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "शिकू दे. हिशेब तरी कळेल." ह्यांनी फळीचा एक तुकडा गुळगुळीत करून दिला आणि त्यावर कोळशाने मी अक्षरं गिरवायला लागले. बाय तिथेच सुपात तांदूळ निवडत बसायची. तिला अक्षरं नको होती. पण तांदूळ मात्र रोज त्याच वेळी निवडायला निघायचे.

अक्षरांनंतर बायबलबाई गोष्टी सांगायची. एके दिवशी तिने पहिल्या माणसाची सांगितली. देवाने एक पुरुष केला. तो एकटा असणं बरं नाही म्हणून त्याच्याच कुशीतून एक बाई केली. एकच केली. पुरुषाने आईबापांना सोडून तिला धरून राहायचं आणि त्या दोघांचं मिळून एक शरीर व्हायचं, असं ठरवून दिलं.

सूप थांबलं. बायने विचारलं, "आणि त्या माणसाला पोर झालं नसतं तर?"

बायबलबाई गडबडली नाही. म्हणाली, "त्याच पुस्तकात पुढे अब्राहाम आहे. त्याच्या बायकोला मूल होईना. तिनेच आपली दासी त्याला दिली."

"तिनेच?"

"तिनेच. दासीला मूल राहिलं. मग दोघींचं पटेना. शेवटी दासीला पोरासकट रानात घालवून दिलं."

"मग तुमचा देव तेव्हा काय करत होता?"

"रानात गेला तिच्या मागे. तिला विहीर दाखवली." बायबलबाईने चष्मा काढून पुसला. "बाई, पुस्तकात दोन बायकांची माणसं पुष्कळ आहेत. पुस्तक काही लपवत नाही. पण त्यांतल्या एकाचंही घर सुखाचं होतं असं मला कुठे वाचायला मिळालं नाही."

ती गेल्यावर बाय सूप उचलून आत गेली. मला वाटलं, ही गोष्ट मुद्दाम सांगितली. कोणी सांगायला लावली? आमच्या घरात पहिलीला मूल नाही आणि तिनेच दुसरी आणली, हे तिला कोणी सांगितलं? बायनेच सांगितलं असणार. दासी म्हणजे मी, रानात जाणारीही मीच. पुढे कळलं, की बायला त्याच वेळी वाटत होतं, ही गोष्ट ह्यांनीच बायबलबाईला सांगायला लावली. दोघी चुकत होतो की एकीचं बरोबर होतं, ते आजवर कळलं नाही.

नंतर एकदा बायबलबाई बोलता बोलता म्हणाली, "तुमच्या घरधन्यांनी बाप्तिस्मा मागितलाय, ख्रिस्ती व्हायला, त्याचा विचार चाललाय आमच्या मंडळीत." आमचे चेहरे बघून तिच्या ध्यानात आलं. "तुम्हाला घरात सांगितलं नाही?"

सासूबाई आतून ऐकत होत्या. त्यांनी बाहेर येऊन तिला पायरीवरून उठवलं आणि जिथे ती बसली होती ती जागा शेणाने सारवून काढली.

हे घरी आल्यावर सासूबाई रडल्या, डोकं आपटलं. हे एवढंच म्हणाले, "मागितला आहे. देतील तेव्हा बघू."

चार-आठ दिवसांनी पाद्री आले. आपल्याकडचेच, मराठी बोलणारे, हातात छत्री, अंगात लांब काळा कोट, घामाने डबडबलेले. पडवीत ह्यांच्या कामाच्या ठोकळ्यावर बसले. हे समोर उभे, हातात वाकसाचा, लाकूड तासायच्या हत्याराचा, नवीन दांडा, तो पटाशीने तासत होते. आम्ही दोघी दाराआड. पाद्रींनी आम्हाला बाहेर बोलावलं. म्हणाले, "तुमच्याबद्दलच बोलायचं आहे, तुमच्यामागे बोलणं बरं नाही."

मग त्यांनी सांगितलं. दोन बायका असलेल्या माणसाला बाप्तिस्मा द्यायचा नाही, असं इथल्या मंडळीचं मत पडलं आहे. ख्रिस्ती माणसाला बायको एकच. यांनी एकीबरोबर राहावं आणि दुसरीची नीट सोय लावून द्यावी.

"एक म्हणजे कोणती?" बायने विचारलं.

"पहिली," पाद्री म्हणाले. "शास्त्राप्रमाणे पत्नी तीच."

मी बायकडे बघितलं. तिच्या तोंडावर आनंद दिसतो का, ते बघितलं. दिसला नाही, म्हणून आणखी भीती वाटली. इतकं लपवता येतं म्हणजे ही सगळं आधीपासून जाणून आहे.

"आणि हिला काय सांगायचं?" बाय म्हणाली. "हिला मीच आणलीय."

पाद्री खूप वेळ छत्रीच्या मुठीवरून हात फिरवत राहिले. "बाई, खरं सांगतो. ह्यावर आमच्यातच एकमत नाही. काही जण म्हणतात, अज्ञानात झालेलं लग्नही लग्नच, दोघींना राहू द्यावं, फक्त असा माणूस मंडळीत वडीलधारा म्हणून नेमू नये. येशूला लोकांनी विचारलं होतं, बायकोला सूटपत्र देऊन सोडावं का? तेव्हा त्याने त्यांना आरंभाची आठवण दिली. आरंभी एक पुरुष आणि एक बाई होती, देवाने जोडलं ते माणसाने तोडू नये. मला ते मान्य आहे. पण आरंभाकडे परत जायची वाट कोणाच्या अंगावरून न्यायची, ते मला सांगता येत नाही."

हे तासतच होते. दांडा तासून तासून हाताच्या बोटाएवढा बारीक झाला होता. तो त्यांनी टाकून दिला.

पाद्री गेल्यावर बायने विचारलं, "मग?" मीही विचारलं. सासूबाईंनी तर पाय धरले. "बघू," एवढंच उत्तर.

त्यानंतरचे दिवस मला आजही एकेक करून आठवतात. घरात चार माणसं आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या हालचाली बघतोय. हे माझ्याशी नीट बोलले की बाय तांब्या आपटायची. ह्यांनी तिच्या हातची भाकरी मागून घेतली, की मला वाटायचं, ठरलं. मी नाट्याहून आणलेली एक लाकडी पेटी होती. तिची बिजागरी केव्हाची मोडली होती, कोणी लक्ष दिलं नव्हतं. एके दिवशी मी भांडी घासून आले तर हे ती पेटी दुरुस्त करत बसलेले. नवी बिजागरी, वर तेलाचा हात. मी दारात उभी राहून बघत राहिले. पेटी कशाला लागते? घरी पाठवायला लागते.

"आजच का दुरुस्त केलीत?" मी विचारलं.

"मोडली होती."

"केव्हाची मोडली होती."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना खरंच कळलं नाही की कळून ते गप्प राहिले, देव जाणे. पेटी उचलून त्यांनी होती तिथे ठेवली. ती पेटी बायनेही बघितली.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर मी विहिरीवर गेले, तर बाय तिथे उभी. घागर नव्हती. हातात एक गाठोडं.

"सावर्ड्याला चाललीस?" मला वाटलं, भावांना आणायला चालली. भाऊ येतील, पंच बसवतील आणि मला घालवतील.

"नाय. बंगल्यावर."

"कशाला?"

तिने गाठोडं विहिरीच्या कठड्यावर ठेवलं. "पुस्तकात दोघांचं एक होतं असं लिवलंय. मी तिसरी म्हणून किती दिवस बसू?"

"तिसरी मी आहे, बाय."

"तुला तसं वाटतं, मला असं वाटतं. हे काय ते सांगत नायत. मग कोणीतरी उठायला पायजे. मी आधी उठते."

"परत कधी येशील?"

ती गाठोडं उचलून कातळावरच्या वाटेने गेली. मी घागर भरली. मनात पहिली गोष्ट काय आली असेल? वाईट वाटलं नाही. मनात आलं, ही कसली चाल खेळतेय?

घरात एकच कल्लोळ झाला. सासूबाईंना सून गेल्याचं दुःख होतं की ती त्या बंगल्यावर गेल्याचं, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. वाडीतली जाणती माणसं येऊन बसली, वाळीत टाकण्याची भाषा बोलून गेली. ह्यांनी बाप्तिस्म्याचं नाव पुन्हा काढलं नाही. लोक म्हणाले, घाबरला. मला तसं वाटलं नाही. ज्या वाटेने जायचं होतं, त्या वाटेवर आपल्या आधी बायको जाऊन उभी राहिली, हे त्यांना उमगेना.

ते तिला आणायला गेले. मला बरोबर नेलं. का नेलं, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. दवाखान्याच्या मागे ती पट्ट्या धुवून वाळत घालत होती. हे म्हणाले, "घरी चल."

ती म्हणाली, "मी तुम्हांस टाकून नाय आले. तुम्हीच इकडे या. बायबलबाईच्या खोलीशेजारी खोली हाय. एकट्या माझे होऊन राहा. येता?"

माझ्यासमोर विचारलं तिने. माझ्याकडे न बघता. हे दोरीवरच्या पट्ट्यांकडे बघत उभे राहिले. वाऱ्याने एक पट्टी खाली पडली, ती त्यांनी उचलून परत टाकली. तिने बरीच वाट बघितली आणि मग बादली उचलून आत गेली.

घरी आल्यावर हे जेवले नाहीत. कित्येक दिवस मी त्यांच्या हत्यारांच्या पेटीवर लक्ष ठेवून होते. ती पेटी रोज घरी येते तोवर माणूसही परत येणार. रोज संध्याकाळी पेटी कोपऱ्यात ठेवल्याचा आवाज झाला, की मी चुलीत लाकूड सारायचे.

तिकडे बायवरही विश्वास कोणी ठेवला नाही. बायबलबाई मला नंतर बाजारात भेटली तेव्हा तिने सांगितलं. पाद्रींनी विचारलं, "सवतीच्या त्रासाने आलीस का?" बाय म्हणाली, "हो, त्याने पण आले." त्यांना ते खरं बोलणं आवडलं, पण बाप्तिस्मा दिला नाही. थांब म्हणाले. ती थांबली. एक पावसाळा गेला, आणखी काही महिने गेले. दवाखान्यात झाडलोट, दळण, रोग्यांची लुगडी धुणं, हे सगळं केलं. सावर्ड्याचे भाऊ एकदा येऊन फाटकातून बघून गेले आणि बहीण मेली असं गावात सांगितलं.

शेवटी एका रविवारी तिला बाप्तिस्मा द्यायचं ठरलं. हे सकाळी आंघोळ करून बाहेर पडले. मी बंगल्याच्या बागेच्या दगडी गडग्याआडून त्यांच्या मागे गेले. ते आत गेले नाहीत. देवळाच्या भिंतीलगत, खिडकीखाली बसले. आत त्यांनीच केलेल्या बाकांवर लोक बसले होते, गाणी चालली होती. मी गडग्याशी उभी. मनाशी म्हणत होते, आता उठून आत जातील. आता जातील. गाणी संपली, लोक बाहेर यायला लागले. हे उठले, धोतर झटकलं आणि वळले ते सरळ माझ्यासमोर. मी पळाले नाही. ते म्हणाले, "उन्हात उभी का?" आम्ही दोघं बरोबर घरी आलो.

मग काही वर्षं मी त्या घरातली एकटी बायको होते. सुख म्हणावं तर होतं. पण मलाही मूल झालं नाही.

सासूबाईंनी पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा मी समजले की आता माझी पाळी आली. घरात येणाऱ्या प्रत्येक बाईकडे मी संशयाने बघायला लागले. हळद आणायला आलेली शेजारीणसुद्धा कोणाची तरी भाची सुचवायला आली आहे असं वाटायचं. एक मुलगी खरंच ठरत आली. तेव्हा मी एका दुपारी उठून बंगल्यावर गेले. बायला भेटायला म्हणून, बिनबोलावता, पहिल्यांदा.

ती वाळली होती, पण पाठ ताठ होती. कपाळ मोकळं. गळ्यात मात्र काळे मणी तसेच. माझी नजर तिथेच खिळली.

"पाद्री म्हणाले, काढायचे नायत," ती म्हणाली. "नवरा जिता हाय. मी त्याचीच बायको."

"मग मी कोण?"

तिने मणी पदराखाली सारले. "विचारलं होतं मी. त्यांच्यात अजून दोन मतं हायत."

मी हसले. तीही हसली, पदर तोंडाला लावून, पूर्वी माझ्या बोलण्याला हसायची तशी. मग मी रडले आणि तिला सांगितलं, "आणखी एक आणतायत."

"ह्यांना विचारलंस?"

"बोलत नाहीत."

"बोलायचं ते त्यांस कधी जमलंय? तू विचार मात्र. समोर बसून विचार. मी विचारलं होतं."

मी विचारलं नाही. त्याआधीच मुलीकडची माणसं बोलणी करायला आली. मुलीचा बाप आणि काका पडवीत बसले. सासूबाई सरबत करायला सांगत होत्या आणि मी ते करत होते. हे कामावरून आले, अंगभर लाकडाचा भुसा. पाय न धुताच त्यांच्यासमोर उभे राहिले.

"माझं लग्न झालंय," हे म्हणाले.

बाप म्हणाला, "माहीत आहे की. दोन झालीत."

"म्हणून सांगतो. एक बायको घरात आहे, एक बाहेर आहे. दोघींना मी पुरलो नाही. तुमच्या मुलीला कुठून पुरणार?"

मी पेले घेऊन दारातच थांबले. ती माणसं सरबत न घेता उठली. सासूबाई आधी माझ्यावर तुटून पडल्या, हिने करणी केली म्हणाल्या. मग बंगल्याच्या दिशेला तोंड करून बोटं मोडली. हे विहिरीवर पाय धुवायला गेले.

मला बरं वाटलं का? वाटलं. पण लगेच मनात दुसरं आलं, हे कोणासाठी बोलले? माझ्यासाठी की तिच्यासाठी? पुढच्या उन्हाळ्यात माझ्या भावाच्या लग्नाला आम्ही नाट्याला निघालो होतो. भाट्याच्या खाडीवर तरीची, पलीकडे नेणाऱ्या होडीची, वाट बघत बसलो असताना मी एकदाचं विचारलं.

ह्यांनी पाण्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तिथे ऐकलं ते मला खरं वाटलं होतं. पाळता आलं नाही. निदान आणखी मोडायचं नाही."

माझ्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं. पण हे माझ्याशी एका दमात एवढं पुन्हा कधी बोलले नाहीत.

पुढे दर वर्षी पावसापूर्वी हे बंगल्याच्या छपराची डागडुजी करायला जायचे आणि मी बरोबर जायचे. वाडीतल्या बायका हसायच्या. हसू देत. हे वर छपरावर आणि आम्ही दोघी खाली व्हरांड्यात. मी तिच्याकडे बघणाऱ्या त्यांच्या नजरेवर नजर ठेवून असायचे. ती ते ओळखून असायची. तिला शेवटपर्यंत अक्षरं आली नाहीत, म्हणून पुस्तक मी वाचायचे. याकोबाची गोष्ट तिला पुन्हा पुन्हा हवी असायची, दोघी बहिणी एकालाच दिल्या ती. थोरली त्याला आवडत नव्हती, असं आलं की ती म्हणायची, "थांब. परत वाच." एकदा मी तिला विचारलं, "बाय, खरं सांग. तू गेलीस ती देवासाठी, की माझ्यासाठी, की आमचा कंटाळा आला म्हणून?"

ती म्हणाली, "मी तुला निवडून आणली होती. सासूबाई आणणारच होत्या कोणीतरी. वणवाली आणली, म्हंजे मला घरातनं काढणार नाय, असा माझा हिशेब. मग त्या पुस्तकातल्या अब्राहामाच्या बायकोचं ऐकलं आणि माझीच मला किळस आली. एवढंच."

मी ते अर्धं खरं धरलं. अर्धं अजून धरवत नाही. वण बघून निवडली म्हणाली, ते मात्र पुरतं खरं वाटलं आणि का कोण जाणे, त्याचा राग आला नाही.

ती आधी गेली. तापाने, त्या दवाखान्यातच, पावसाच्या तोंडावर. बायबलबाई स्वतः निरोप घेऊन आली, आता काठी टेकत. हे पडवीत काम करत होते. हातातलं काम बाजूला ठेवून त्यांनी फणसाच्या फळ्या काढल्या. घरासाठी म्हणून वाळवून ठेवलेल्या होत्या. दुपारपर्यंत तिला ठेवायची पेटी झाली. एकही खिळा वर दिसू दिला नाही. मी भुसा झाडला.

देवळात पाद्रींनी ह्यांना हाताला धरून पुढच्या बाकावर बसवलं. नवरा म्हणून. मी मागे दाराशी उभी राहिले. लोक वळून बघत होते आणि मला वाटत होतं, आता कोणीतरी येऊन विचारील, तुम्ही कोण? बायबलबाई आली. तिने काही विचारलं नाही. माझा दंड धरून मला पुढे नेलं आणि ह्यांच्या शेजारी बसवलं. पाद्रींनी एकदा बघितलं आणि पुस्तक उघडलं.

प्रार्थना चालू असताना मी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते. रडतात का, ते बघत होते. ते रडले नाहीत. त्यांचा अंगठा बाकाच्या सांध्यावरून फिरत होता, जिथे दोन फळ्या मिळाल्या होत्या तिथून.

माती देऊन झाल्यावर पावसाचे थेंब यायला लागले. पाद्रींनी छत्री देऊ केली, ह्यांनी नको म्हटलं. कातळावरून येताना ते पुढे, मी मागे. घर दिसायला लागलं तेव्हा ते थांबले, मी जवळ येईपर्यंत. मग आम्ही शेजारी शेजारी चालत आलो.